डीकन दारात येतो तेव्हा

भारतातून कुणाचे आई-बाबा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आले की त्यांची एक ठरलेली वारी असते. नायगारा, वॉशिंग्टन, हर्शीचं चॉकलेट आणि हर्शीला जाता-येता पेनसिल्व्हेनियातल्या लॅन्कॅस्टर काउंटीतले 'ते घोडागाडीवाले', म्हणजे जुन्या रीतीने राहणारे आमिश पंथाचे ख्रिस्ती लोक. मी याच काउंटीत राहते. त्यामुळे आमच्या घराची धर्मशाळा झाली आहे आणि ३४० नंबरच्या रस्त्यावरून पाहुण्यांना फिरवून आणणं हे माझ्या गळ्यात पडलेलं काम. पहिली घोडागाडी दिसली की आमच्या गाडीतल्या गप्पा थांबतात. मग दाढ्यांचे, टोप्यांचे, दोरीवर ओळीने वाळत घातलेल्या जांभळ्या-निळ्या झग्यांचे काचेतून चोरटे फोटो निघतात. आणि मग ते वाक्य येतंच: "बघ, ना टीव्ही, ना मोबाईल, ना कसले हप्ते. सगळं गाव एकमेकांना धरून. यांना कुठलं आलंय डिप्रेशन!"

पाहुण्यांशी मी वाद घालत नाही. पण दुसऱ्या दिवशी पांढरा कोट चढवून औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी राहते, तेव्हा मी ज्या गोळ्या मोजते त्यांत नैराश्यावरची सर्ट्रालीन असते, उन्माद-नैराश्यावरचं लिथियम असतं, आणि बऱ्याच बाटल्यांवर तीच पाच-सात आडनावं असतात जी इथल्या निम्म्या टपालपेट्यांवर आहेत. औषध न्यायला आलेल्या बाईच्या डोक्यावर काळं बॉनेट असतं. घोडा बाहेर बांधलेला असतो. विम्याचं कार्ड नसतं, कारण जुन्या वळणाचे आमिश लोक सहसा विमा घेत नाहीत. अडीनडीला देव आणि मंडळी (आपल्या चर्चची माणसं) असताना कंपनीवर भरवसा कशाला, असा त्यांचा हिशेब. ती नोटा मोजून ठेवते आणि कागदी पिशवीचं तोंड दोनदा दुमडते. गोळी कधी आणि कशी घ्यायची हे मी तिला बाजूला घेऊन सांगते तेव्हा तिची नजर माझ्याकडे नसते, रांगेत आणखी कोण उभं आहे तिकडे असते. (ओळखू येईल असं कुणाचंही काही मी इथे लिहीत नाही. या एका बाईत पुष्कळ बायका आहेत.)

पाहुण्यांचं म्हणणं सगळंच खोटं आहे असंही नाही. २००७ साली लॅन्कॅस्टरमधल्या आमिश स्त्रियांच्या प्रकृतीची एक पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात बाहेरच्या स्त्रियांच्या तुलनेत त्यांचा ताण कमी, उदासीची लक्षणं कमी आणि माणसांचा आधार जास्त असं आढळलं. मला याचं नवल वाटलं नाही. माझ्या कॅलेंडरपेक्षा त्यांचं कॅलेंडर माणसांनी जास्त भरलेलं असतं. पण जिला हा आजार होतोच, तिचं काय होतं? तिला काय वाटतं, कोण येतं, कोण काय म्हणतं? गेली काही वर्षं माझं डोकं याच प्रश्नात आहे. मिळेल ते वाचलं, इथल्या लोकांशी बोलले, आणि जितकं कळत गेलं तितकं पाहुण्यांचं ते वाक्य ऐकून गप्प बसणं अवघड होत गेलं.

थोडा इतिहास सांगायला हवा, पण भरभर सांगते. १५२५च्या जानेवारीत झुरिकमध्ये काही तरुणांनी एकमेकांना दुसऱ्यांदा बाप्तिस्मा दिला. तान्ह्या मुलाला काय कळतं, श्रद्धा ही जाणत्या माणसाने स्वतः पत्करायची गोष्ट आहे, असं त्यांचं म्हणणं. शहराने त्याचं उत्तर पाण्यानेच दिलं: दोन वर्षांत त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला लिमाट नदीत बुडवून मारलं. पुनर्बाप्तिस्मा घेणारे म्हणून हे लोक ॲनाबॅप्टिस्ट. नेदरलँड्समध्ये मेनो सायमन्सच्या मागे गेले ते मेनोनाइट. याकोब हुटरचे ते हटराइट. ते आजही कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात सामाईक वसाहती करून राहतात आणि कुणाचीच खाजगी मालमत्ता नसते. आणि १६९३ साली, चुकलेल्या माणसावरचा बहिष्कार किती कडक पाळायचा या भांडणातून, याकोब आमानचे ते आमिश. आमिशांची संख्या आता ४ लाखांच्या घरात आहे. शस्त्र धरायचं नाही, शपथ घ्यायची नाही, जगापासून वेगळं राहायचं, एवढं या सगळ्यांत समान. आणि घरोघरी हुतात्म्यांच्या कथांचा एक जाडजूड ग्रंथ. त्यात १५६९ सालचा डर्क विलेम्स आहे. पाठलाग करणारा शिपाई बर्फ फुटून पाण्यात पडला म्हणून हा मागे फिरला, त्याला बाहेर काढलं, आणि मग त्याच शिपायाच्या हातून पकडला जाऊन जाळला गेला. मुलं हे चित्र पाहत मोठी होतात. धडधाकट माणसाला त्यातून बळ मिळत असेल. पण जिला सकाळी अंथरुणातून उठवत नाही, तिने ते चित्र बघून काय म्हणायचं स्वतःला?

आता आजार आला की काय होतं ते सांगते. नवरा आधी चार दिवस कुणाला बोलत नाही. पण तिथे काही लपत नाही: रविवारच्या उपासनेला बाई आली नाही, सोमवारी दोरीवर कपडे नाहीत. सोमवारी दोरी रिकामी म्हणजे गावभर झालंच. मंगळवारी नणंद येते. बुधवारी शेजारची सोळा-सतरा वर्षांची पोर राहायलाच येते. घरात बाळंतपण, आजारपण असलं की अशी मदतीची मुलगी ठेवायची त्यांची जुनी रीत आहे, तिला 'माउड' म्हणतात. ती भाकऱ्यांसारखी ब्रेडची चळत भाजते, मुलांना शाळेत धाडते, गायींच्या धारा काढायला हात लावते. मक्याची कापणी असेल तर दिरांचे, मेव्हण्यांचे घोडे आपोआप शेतात उभे राहतात. संध्याकाळी कुणीतरी येऊन नुसतं बसतं. तिच्याशी काही बोलायला हवं असं नाही. मटार सोलायचे, ओसरीवर बसायचं. दवाखान्याचं बिल मोठं झालं तर मंडळीचा एक पदाधिकारी, डीकन, येऊन विचारतो, किती झालं.

हे मी मनापासून चांगलं म्हणते. माझ्या माहितीतल्या, चांगल्या नोकरीतल्या, नव्या घरातल्या मराठी बायका महिनोन्महिने बंद खोलीत पडून राहिल्या आहेत आणि शेजाऱ्याला पत्ता नाही. तसं इथे होत नाही.

पण डीकनचं दुसरंही एक काम असतं. मंडळी म्हणजे पंचवीस-तीस किंवा चाळीसेक घरं. त्यांचा एक बिशप, दोन उपदेशक आणि एक डीकन. गरिबांचा निधी डीकनकडे असतो. आणि मंडळीच्या नियमात कुणी चुकलं, कुणाबद्दल तक्रार आली, तर चौकशीला पाठवायचा माणूसही डीकनच. कबुली द्यायला लागणार, गुडघे टेकावे लागणार, हा निरोप तोच आणतो. त्यामुळे अंगणात त्याची गाडी शिरली की कुठल्या कामाने आलाय हे तो गाडीतून उतरेपर्यंत कळत नाही. धडधाकट बाईच्याही छातीत धस्स होतं, असं मला एकीने हसत सांगितलं होतं. आजारी बाईला तर शंकाच नसते: तो दुसऱ्याच कामाने आलाय.

माझ्या मते सगळी गोम इथे आहे. या लोकांत सांभाळणारे आणि पारखणारे वेगवेगळे नाहीत. आपल्याकडे, म्हणजे शहरी जगात, सांभाळणारं कुणी नसतं तसं पारखणारंही कुणी नसतं. तिथे दोन्ही काम एकाच माणसाकडे, एकाच दारातून.

हे सगळ्यांत जास्त टोकाला जातं ते प्रभुभोजनाच्या वेळी, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून सगळे मिळून भाकर आणि द्राक्षरस घेतात तेव्हा. वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात. त्याच्या दोन आठवडे आधी मंडळीची सभा बसते. उपासना नेहमीप्रमाणे कुणाच्या तरी घरात किंवा खळ्यात, लाकडी बाकांवर, पुरुष एकीकडे, बायका एकीकडे. त्या दिवशी बिशप मंडळीचे नियम पुन्हा सांगतो: कपड्याचा काठ, टोपीची कड, फोन कुठे ठेवायचा, ट्रॅक्टर किती वापरायचा. मग उपदेशक ओळीने प्रत्येकाजवळ जाऊन विचारतात. तुला हे मान्य आहे का? देवाशी, शेजाऱ्याशी, मंडळीशी तुझी शांती आहे का? तू प्रभुभोजन घ्यायला तयार आहेस का? प्रत्येकाने उत्तर द्यायचं. कुणाचं कुणाशी वाकडं असेल तर मधल्या दोन आठवड्यांत मिटवायचं. उपवासाचा एक दिवस असतो. मनात गाठ ठेवून प्रभुभोजन घेणारा स्वतःवर शिक्षा ओढवून घेतो, असं बायबलमधल्या पौलाच्या पत्रात आहे, आणि ते तिथे शब्दशः घेतलं जातं. मंडळीत मोठी फूट असेल तर सगळ्यांचंच प्रभुभोजन पुढे ढकलतात.

या रीतीने शेकडो भांडणं मिटवली असतील. वर्षानुवर्षांचं बांधावरचं वैर दर सहा महिन्यांनी कुणीतरी उकरून काढून धुतं, याचा मला हेवा वाटतो. पण आता त्या बाकावर डिप्रेशन झालेली बाई बसवून बघा. तिच्या आजाराचं मुख्य लक्षणच हे की तिची कुणाशीच शांती नाही, देवाशी तर नाहीच. प्रार्थना छताला आपटून खाली पडते. जुनी, क्षुल्लक पापं रात्री एक-एक करून वर येतात: लहानपणी बहिणीशी खोटं बोलले होते, दुधात पाणी घातलं होतं. मार्काच्या शुभवर्तमानात एक कधीच क्षमा न होणारं पाप सांगितलंय, पवित्र आत्म्याची निंदा. ते आपल्या हातून झालंय अशी तिची खात्री पटते. कुठे, कधी, हे तिला सांगता येत नाही, आणि न सांगता येणं हाच तिला पुरावा वाटतो. उपदेशक तिच्यासमोर येऊन उभा राहतो. "हो, शांती आहे" म्हटलं तर तिच्या मते ती देवासमोर खोटं बोलली. "नाही" म्हटलं तर साठ-सत्तर माणसांसमोर ते उघड झालं, आणि कदाचित तिच्यापायी सगळ्यांचं अडलं. तिसरं उत्तर त्या बाकावर नाही.

आणखी एक अडचण आहे, ती बाहेरच्याला पटकन दिसत नाही. जुन्या वळणाचे आमिश 'माझं तारण झालंय', म्हणजे देवाने मला पापातून सोडवलंय, असं कधी म्हणत नाहीत. ते देवाने ठरवायचं. माणसाने फक्त जिवंत आशा धरायची. खात्री दाखवणं म्हणजे गर्व, आणि गर्व हे सगळ्यांत मोठं पाप. स्वतःला मोडून मंडळीच्या आणि देवाच्या इच्छेत सोडून द्यायचं, आवाज खाली ठेवायचा, मी काहीच नाही म्हणायचं, हे तिथे चांगल्या माणसाचं लक्षण आहे. आणि 'मी काहीच नाही' हे तर आजारही म्हणतो. माझ्या दुकानात मी लक्षणांचा जो तक्ता देते त्यात 'स्वतःबद्दल निरुपयोगी वाटणं' अशी एक ओळ आहे. ती ओळ वाचून एक म्हाताऱ्या बाई म्हणाल्या होत्या, "पण तसंच वाटायला हवं ना?" त्या चेष्टा करत नव्हत्या. नम्रता कुठे संपली आणि आजार कुठे सुरू झाला हे घरच्यांना कळायला म्हणूनच उशीर होतो. बाई आणखी शांत झाली, आणखी वाकली, एवढंच दिसतं. दुसरीकडून, थोड्या मोकळ्या मंडळ्यांत गेलेले नातेवाईक येऊन विचारतात, तुझं तारण झाल्याची तुला खात्री नाही? मग तुझ्या श्रद्धेतच खोट आहे. तिला दोन्हीकडून मार.

हे सगळं आजचं नाही. १९५०च्या सुमाराला हटराइट वसाहतींबद्दल बाहेर असा समज होता की तिथे मानसिक आजारच नाहीत. जोसेफ ईटन हा समाजशास्त्रज्ञ आणि रॉबर्ट वाइल हा मनोविकारतज्ज्ञ, दोघे प्रत्यक्ष जाऊन घरोघर फिरले. साडेआठ हजार लोकांत त्यांना आयुष्यात कधी ना कधी मानसिक विकार झालेले १९९ जण सापडले. त्यांतले तीव्र म्हणावेत असे ५३, आणि त्या ५३ पैकी ३९ जण उन्माद-नैराश्याच्या गटातले. त्यांतही बहुतेक नैराश्यच. म्हणजे समज खोटा ठरला. पण त्यांनी नोंदवलेली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. हटराइट या अवस्थेला 'आनफेख्टुंग' म्हणत, सैतानाने घेतलेली परीक्षा. आणि ही परीक्षा चांगल्या माणसाची होते असा त्यांचा विश्वास. त्यामुळे आजाऱ्याला कुणी वाईट ठरवत नसे. उपदेशक येऊन बसे, आणि मागे कुणाकुणाला हे झालं होतं, ते कसे बरे झाले, नंतर वसाहतीत मोठ्या जबाबदारीचे झाले, हे सांगे. रुग्णाला कोंडत नसत, मारत नसत, वसाहतीबाहेर धाडत नसत. घरचं कुणीतरी सतत सोबत. सैतान वगैरे माझ्या डोक्यात बसत नाही. पण 'हे तुझ्याआधीही झालंय आणि तो माणूस आज तिथे जेवायला बसलाय' हे सांगण्याची सोय माझ्याकडच्या कुठल्याही पत्रकात नाही.

लॅन्कॅस्टरमध्ये जेनिस एगलंड या संशोधिकेने १९७६ साली आमिशांमधल्या अशा आजारांचा अभ्यास हाती घेतला. वंशावळ्या काटेकोर ठेवलेल्या, दारू-नशेची सरमिसळ नाही, घराणी मोठी. आनुवंशिकता तपासायला याहून चांगला समाज कुठला? १९८७ साली तिच्या गटाने आजाराचा धागा अकराव्या गुणसूत्रावर सापडल्याचं जाहीर केलं आणि जगभर बातमी झाली. दोन वर्षांत, आणखी नातेवाइकांची माहिती आल्यावर, ते टिकलं नाही. मला त्या बातमीपेक्षा तिच्या कामातला एक बारीक भाग आवडतो. आमिश माणसाचा उन्माद ओळखायचा कसा? शहरातला रुग्ण क्रेडिट कार्ड रिकामं करतो, विमानाची तिकिटं काढतो. हा काय करणार? तर घोडा उर फुटेस्तोवर पळवतो. सार्वजनिक फोनवर तासन्तास बोलतो. जनावरांशी दांडगाई करतो. भलत्याच मोसमात भेटवस्तू वाटत सुटतो. बाहेरच्या डॉक्टरला यात काही दिसत नसे आणि पूर्वी अशा बऱ्याच जणांवर स्किझोफ्रेनियाचा शिक्का बसला होता.

तिने १८८० ते १९८० या शंभर वर्षांतल्या आत्महत्याही शोधल्या. २६ होत्या. त्यांतल्या बहुतेक चार कुळांत. लोकांना हे शास्त्रज्ञांच्या आधीपासून ठाऊक होतं. ते त्यांच्या बोलीत म्हणत, रक्तातच आहे. या म्हणण्याचा एक फायदा झाला असं मला वाटतं. रक्तात असलेल्या गोष्टीसाठी कुणी गुडघे टेकून कबुली मागत नाही.

पुरुष यातून सुटत नाहीत, हेही सांगायला हवं. मंडळीला नवा उपदेशक हवा असला की एका दाराच्या फटीतून प्रत्येक जण एकेक नाव कुजबुजतो. पुरेशी मतं मिळालेल्यांसमोर तितकीच गीतपुस्तकं मांडतात, त्यांतल्या एकात बायबलच्या वचनाची चिठ्ठी. ज्याच्या पुस्तकात निघाली तो त्या क्षणापासून मरेपर्यंत उपदेशक. शिक्षण नाही, पगार नाही, कागद न बघता बोलायचं, आणि दोन-अडीचशे जिवांचा हिशेब देवापुढे द्यायचा. लोक अशा वेळी अभिनंदन करत नाहीत, रडतात. बायको सर्वांत जास्त. काल संध्याकाळपर्यंत जो फक्त तबेला झाडत होता त्याला ती चिठ्ठी कशी झोपू देणार? आणि त्याची झोप उडाली तर त्याने कुणापाशी बोलायचं? आता पारखणारा तोच.

क्षमेबद्दल मी फार लिहिणार नाही, पण टाळणंही बरोबर नाही. २ ऑक्टोबर २००६ ला इथल्याच निकल माइन्स गावच्या शाळेत एका बाहेरच्या माणसाने गोळीबार केला. पाच मुली गेल्या. त्याच संध्याकाळी आमिश लोक त्याच्या विधवेचं सांत्वन करायला गेले. जग थक्क झालं. कमी छापून आलं ते हे की त्यातल्या आई-बापांनी नंतर समुपदेशकांचीही मदत घेतली, आणि क्षमा एकदा करून भागत नाही, रोज सकाळी परत करावी लागते असं ते सांगत राहिले. ती त्यांनी स्वतः निवडलेली क्षमा होती. पण घरातल्याच कुणी मुलीवर हात टाकला, त्याने मंडळीपुढे गुडघे टेकले, काही आठवडे बहिष्कार सोसला आणि परत आला, की तो विषय संपला. पुन्हा काढायचा नाही. काढला तर क्षमा न करण्याचं पाप मुलीच्या माथी. अशा मुलीच्या उदासीला मी आजार म्हणायला तयार नाही. गोळी दिली तरी आधी पोलिसांना फोन व्हायला हवा. एकाच दाराची व्यवस्था सगळ्यांत क्रूर होते ती इथे, आणि साध्या राहणीचं कितीही कौतुक केलं तरी हे झाकत नाही.

मात्र बाहेरच्यांनी येऊन यांना शहाणं केलं, अशी गोष्ट असेल असं वाटत असेल तर तसं नाही. दुसऱ्या महायुद्धात शस्त्र धरायला नकार देणाऱ्या सुमारे १२,००० तरुणांना सरकारने बिनपगारी नागरी सेवेला लावलं. मेनोनाइट त्यांत भरपूर होते. कुणी जंगलात झाडं लावली, कुणी रस्ते केले, आणि सुमारे ३,००० जणांना वेड्यांच्या सरकारी इस्पितळांत धाडलं, कारण तिथले नोकर लढाईवर किंवा चांगल्या पगारावर निघून गेले होते. व्हर्जिनियात स्टॉन्टन, मिशिगनमध्ये यप्सिलँटी, इथे जवळ हॅरिसबर्ग. कॅन्ससच्या गव्हाच्या शेतातून उठून आलेला वीस वर्षांचा मुलगा, ज्याने आयुष्यात कुणावर हात उगारला नाही, त्याच्या हाती एका वॉर्डाच्या किल्ल्या आल्या. आत शंभरेक पुरुष. बरेच नागडे, सिमेंटच्या जमिनीवर, घाणीत. जुने नोकर सोटा वापरत. हा कसा वापरणार? मग त्याला दुसरं काहीतरी शोधावं लागलं: आवाज न चढवता बोलणं, शेजारी बसणं, हाताला धरून जेवायला नेणं. फिलाडेल्फियाच्या बायबेरी इस्पितळात अशाच सेवेवर असलेल्या एका क्वेकर (युद्ध न मानणारा आणखी एक ख्रिस्ती पंथ) तरुणाने गुपचूप फोटो काढले. ते १९४६ साली 'लाइफ' साप्ताहिकात छापून आले आणि देश हादरला.

ही मुलं घरी परतली ती गप्प बसली नाहीत. आपल्याही मावश्या, आपलेही काका अशाच वॉर्डांत आहेत, किंवा त्या भीतीने माळ्यावरच्या खोलीत ठेवलेले आहेत, हे त्यांनी मंडळ्यांना सांगितलं. मेनोनाइटांनी स्वतःच्या वर्गण्यांतून मनोरुग्णालयं उभी केली: १९४९ साली मेरीलँडमध्ये ब्रुक लेन, मग कॅलिफोर्नियात किंग्ज व्ह्यू, १९५२ साली आमच्या शेजारच्या काउंटीत फिलहेवन, कॅन्ससमध्ये प्रेअरी व्ह्यू. युक्रेनमधल्या मेनोनाइटांनी तर १९१०च्या आसपासच बेथानिया नावाचं असं इस्पितळ काढलं होतं. दवाखाने काढण्याची त्यांना मुळात हौसच आहे. माझं आजोळ गोंदियाचं. तिथून पुढे छत्तीसगडात, नागपूर ज्या मध्य प्रांताची राजधानी होतं त्याच प्रांतात, १८९९च्या दुष्काळात अमेरिकन मेनोनाइट येऊन धमतरीला राहिले. तिथल्या मिशन हॉस्पिटलचं नाव आजोळी ऐकून होते. ते लोक म्हणजे हेच, हे कळायला मला समुद्र ओलांडावा लागला.

म्हणजे ज्यांनी सरकारपासून लांब राहायचं व्रत घेतलं होतं, त्यांना या आजाराचं तोंड सरकारी सक्तीने दाखवलं. फिलहेवनच्या आवारात २००५ पासून साध्या राहणीच्या लोकांसाठी वेगळं घर आहे. टीव्ही नाही, सांभाळणारं जोडपं त्यांच्यातलंच, स्वयंपाक-बागकाम रुग्णच करतात, आणि औषध ठरवायला मनोविकारतज्ज्ञ. बाई तिथे आपल्या बोलीत बोलू शकते. हे किरकोळ समजू नका. घरात पेनसिल्व्हेनिया डच (ही जर्मनचीच एक बोली), देवाचं सगळं जुन्या जर्मनमध्ये, आणि आठवीपर्यंत शिकलेलं इंग्रजी डॉक्टरसाठी; छातीत काय होतंय ते तिसऱ्या भाषेत सांगायचं म्हणजे बहुतेक वेळा 'नर्व्हज' एवढंच सांगून होतं. अशी चांगली घरं आहेत तशी भलतीही आहेत: परवाना नसलेली, जिथे उपचार म्हणजे पश्चात्तापाची तालीम. शिवाय मुळ्या, जीवनसत्त्वांच्या बाटल्या, तळपाय दाबणारे. सगळं करून थकल्यावर बाई माझ्या काउंटरशी पोचते.

गेल्या सप्टेंबरात एक डीकन दुकानात आले. पूर्वी बिलं भरायला यायचे, तोंडओळख आहे. या वेळी बिल नव्हतं, प्रश्न होते, आणि ते त्यांनी खिशातल्या छोट्या वहीत पेन्सिलने लिहून आणले होते. तीस गोळ्यांऐवजी नव्वद घेतल्या तर किती वाचतील? ही गोळी घेऊन गाडी हाकली तर झोप येईल का? अंगावर पाजत्या बाईला चालते का? कुणासाठी, हे त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पाजत्या बाईबद्दल तिच्या डॉक्टरशी बोलावं लागेल म्हटलं, तर तेही लिहून घेतलं. शेवटचा प्रश्न: गुण यायला किती दिवस?

"चार ते सहा आठवडे. कधी जास्तही."

त्यांनी वहीचं मागचं पान उघडलं. तिथे मंडळीच्या तारखा होत्या. बोटाने रविवार मोजत गेले. सभा पाचव्या रविवारी येत होती.

"मग सभेच्या आधी बरं वाटेलच असं नाही," ते म्हणाले.

"नाही, तशी खात्री देता येणार नाही."

"बिशपशी बोलतो. तिला त्या दिवशी कुणी विचारू नये." मग जरा थांबून, "नाहीतर आपण सगळेच दोन आठवडे पुढे जाऊ. मका तसाही यंदा उशिरा आहे." आणि नव्वद गोळ्यांचा भाव पुन्हा एकदा विचारून घेतला.